पेशींच्या ऊर्जानिर्मितीत ऑक्सिजन नेमका कोठे लागतो : प्रकल्प नोंदी

८ जुलै २०२४

तृतीय वर्ष बी.एस्सी.च्या गटाने यंदाच्या प्रकल्पासाठी ‘पेशींच्या ऊर्जानिर्मितीत ऑक्सिजनचे स्थान’ हा विषय नक्की केला असून मार्गदर्शक या नात्याने या नोंदी मी ठेवीत आहे. विषय जुना आहे. तरीही तो निवडण्याचे कारण असे, की ‘ऑक्सिजनमुळे अन्नाचे ज्वलन होऊन ऊर्जा मिळते’ हे वाक्य आपण शाळेपासून इतक्या वेळा लिहिलेले असते, की त्यात विचारण्यासारखे काही उरले आहे असे कोणाला वाटतच नाही. आज गटाला एकच प्रश्न दिला : श्वासाबरोबर आत गेलेल्या ऑक्सिजनचे अणू शेवटी कोणत्या रेणूत जाऊन बसतात? सर्वांनी ‘कार्बन डायऑक्साइड’ असे उत्तर लिहिले. यात मुलांचा दोष थोडा आणि त्या ज्वलनाच्या वाक्याचा अधिक आहे.

उत्तर ‘पाणी’ असे आहे. ग्लुकोजच्या एका रेणूच्या संपूर्ण ऑक्सिश्वसनाचे समीकरण काटछाट न करता मांडले, तर डाव्या बाजूला ऑक्सिजनच्या ६ रेणूंबरोबर पाण्याचेही ६ रेणू येतात आणि उजव्या बाजूला कार्बन डायऑक्साइडचे ६ व पाण्याचे १२ रेणू मिळतात. पुस्तकांत दोन्ही बाजूंचे सहा-सहा पाणी वजा करून समीकरण आटोपशीर केले जाते आणि मुख्य गोष्ट त्या वजाबाकीत हरवते. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन ग्लुकोजमधून आणि पाण्यातून आलेला असतो. हवेतून घेतलेल्या ऑक्सिजनची गाठ कार्बनशी पडतच नाही, तो इलेक्ट्रॉन व प्रोटॉन स्वीकारून पाणी होतो. तेव्हा प्रकल्पाचा प्रश्न असा ठरला : ऑक्सिजन कोणत्या पायरीवर लागतो, आणि तो मिळेनासा झाला की त्या पायरीच्या कितीतरी आधीच्या क्रिया का थांबतात?

११ जुलै २०२४

पहिला प्रयोग मोड आलेल्या मुगाचा. शंकूपात्रात १० ग्रॅम मोड आलेले मूग, बुचाला टांगलेल्या छोट्या नळीत पोटॅशियम हायड्रॉक्साइडने भिजवलेला कापूस, आणि बुचातून काढलेल्या वाकड्या नळीला आडवी जोडलेली १ मिलिलिटरची पिपेट, असे साधे श्वसनमापक तयार केले. पिपेटमध्ये इओसिनने रंगवलेल्या पाण्याचा एक थेंब ठेवला. बिया श्वसनात जो कार्बन डायऑक्साइड सोडतात तो हायड्रॉक्साइड शोषून घेतो, त्यामुळे पात्रातील हवेचे आकारमान जेवढे घटेल तेवढा ऑक्सिजन वापरला गेला असे धरता येते. चिपळूणच्या पावसाळी हवेत तापमान आणि वायुदाब दोन्ही दिवसभर हलत असल्याने केवळ काचेचे मणी भरलेले आणखी एक पात्र शेजारी ठेवले आणि त्यातील थेंब जितका सरकेल तितकी दुरुस्ती प्रत्येक वाचनाला केली.

दुरुस्तीनंतर मुगाचा थेंब दहा मिनिटांत सुमारे ०.३ मिलिलिटर आत सरकला. उकळून मारलेल्या मुगाच्या पात्रातील थेंब जागचा हलला नाही. हायड्रॉक्साइड काढून टाकल्यावर जिवंत मुगाचा थेंबही जवळजवळ स्थिर राहिला, कारण पिष्टमय अन्नावर चालणाऱ्या श्वसनात जेवढा ऑक्सिजन आत जातो साधारण तेवढाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भुईमुगाच्या अंकुरलेल्या दाण्यांबाबत मात्र हायड्रॉक्साइड नसतानाही थेंब आत सरकत राहिला. स्निग्ध पदार्थांत मुळातच ऑक्सिजन कमी आणि हायड्रोजन अधिक असतो. त्यामुळे त्यांच्या श्वसनात सोडलेला कार्बन डायऑक्साइड व घेतलेला ऑक्सिजन यांचे गुणोत्तर ०.७ च्या आसपास येते.

१६ जुलै २०२४

आज प्रयोग नव्हता, आकडेमोड होती. २७ अंश सेल्सिअस तापमानाला एक मोल वायू सुमारे २४.६ लिटर जागा व्यापतो, म्हणजे ०.३ मिलिलिटर ऑक्सिजन सुमारे १२ मायक्रोमोल झाला. ग्लुकोजच्या एका मोलच्या संपूर्ण ऑक्सिडीकरणात सुमारे २८७० किलोज्यूल मुक्त ऊर्जा मिळते व त्याला ६ मोल ऑक्सिजन लागतो, म्हणून ऑक्सिजनच्या एका मोलमागे ४८० किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा येते. या हिशेबाने आमच्या दहा ग्रॅम मुगांनी दहा मिनिटांत सुमारे ५.८ ज्यूल ऊर्जा मोकळी केली. दर ग्रॅमला साधारण एक मिलिवॉट. विश्रांत अवस्थेतील ७० किलो वजनाचा प्रौढ माणूस मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन घेतो. त्याच्या दहा ग्रॅम वजनाचा दहा मिनिटांचा वाटा काढला तर तो ०.३६ मिलिलिटर येतो. वाटीतले मोड आणि खुर्चीत स्वस्थ बसलेला माणूस वजनाच्या मानाने जवळजवळ सारखाच ऑक्सिजन खर्च करतात, ही गोष्ट मला स्वतःला प्रयोगापेक्षाही अधिक रंजक वाटली.

याच संदर्भात लाव्हाझिए व लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांच्या १७८३ मधील प्रयोगाचे वाचन झाले. त्यांनी बर्फाने वेढलेल्या पात्रात गिनीपिग ठेवून किती बर्फ वितळला ते मोजले, आणि तितकाच कार्बन डायऑक्साइड देणाऱ्या कोळशाच्या ज्वलनाशी त्या उष्णतेची तुलना करून श्वसन हे संथ ज्वलनच आहे असा निष्कर्ष काढला. बेरीज त्यांना पुष्कळशी बरोबर मिळाली, कारण आरंभीचे व अखेरचे पदार्थ ठरलेले असले की मुक्त होणारी एकूण ऊर्जा मधल्या मार्गावर अवलंबून राहत नाही. नेमक्या त्याच कारणाने अशा मापनातून मार्ग मात्र कळत नाही. हे ज्वलन फुफ्फुसांत होते असे लाव्हाझिए मानीत असे. ते ऊतींमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष पेशींत होते, हे प्रस्थापित व्हायला १८७० च्या दशकातील फ्लूगर या शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या कामापर्यंत वाट पाहावी लागली. आमचे श्वसनमापकही लाव्हाझिएच्याच जातीचे असल्यामुळे त्याच्या आधारे याहून अधिक बोलता येणार नाही, असे गटाला बजावले.

२२ जुलै २०२४

ऑक्सिजन काढून घेतल्यावर काय होते ते पाहण्यासाठी भात आणि गहू यांची तुलना मांडली. पाणी खळखळून उकळले, वर द्रवरूप पॅराफिनचा थर देऊन तसेच निववले आणि त्यात ‘जया’ जातीचे भात एका बाटलीत व गहू दुसऱ्या बाटलीत सोडले. ओल्या कापसावर उघड्या हवेत ठेवलेले दोन्ही धान्यांचे नमुने तुलनेसाठी आहेत.

उकळलेल्या पाण्यात ऑक्सिजन खरोखर उरला नाही ना, याची खात्री विंकलरच्या पद्धतीने केली. ही पद्धत १८८८ पासूनची असली तरी डोळ्यांना तिच्याइतके स्पष्ट उत्तर देणारी दुसरी मला ठाऊक नाही. नमुन्यात मँगनीज सल्फेट आणि नंतर अल्कधर्मी आयोडाइड सोडले की ऑक्सिजन असलेल्या नळाच्या पाण्यात तपकिरी साका धरतो. पॅराफिनखालच्या पाण्यात तो पांढराच राहिला आणि बाटलीचे बूच काढून ठेवल्यावर वरच्या कडेपासून हळूहळू मातकट होत गेला. नळाच्या पाण्याचे अनुमापन केले तेव्हा ऑक्सिजन लिटरला ७ ते ८ मिलिग्रॅमच्या दरम्यान भरला. याच तापमानाच्या एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. पाण्यात बुडालेल्या बीपुढची अडचण किती मोठी असते, ते या दोन आकड्यांवरून लक्षात येते.

२५ जुलै २०२४

मेथिलिन ब्लूचा प्रयोग. बेकरीतील यीस्ट उदासीन फॉस्फेट द्रावणात कालवून त्यात ग्लुकोज व मेथिलिन ब्लूचे काही थेंब घातले आणि परीक्षानळ्या ३५ अंशांच्या जलतापकात उभ्या केल्या. काही मिनिटांतच निळा रंग विरत गेला आणि द्रावण दुधाळ झाले. मात्र सर्वांत वर, जेथे द्रावण हवेला भिडते तेथे, काही मिलिमीटर जाडीचे निळे कडे कायम राहिले. नळी अंगठ्याने बंद करून हलवली की सगळे पुन्हा निळे, आणि स्थिर ठेवली की पुन्हा दुधाळ. उकळलेल्या यीस्टची नळी तासाभरानंतरही निळीच होती, त्यामुळे रंग घालवण्याचे काम नुसत्या ग्लुकोजचे नव्हे याबद्दल शंका राहिली नाही.

या निळ्या कड्याशी मी गटाला बराच वेळ थांबवले. मेथिलिन ब्लूचा रेणू दोन इलेक्ट्रॉन स्वीकारतो तेव्हा रंगहीन होतो आणि ते ऑक्सिजनला दिले की पुन्हा निळा होतो. यीस्टच्या पेशी ग्लुकोजमधून काढलेले इलेक्ट्रॉन सतत कोणाकडे तरी सोपवीत असतात. खालच्या भागात विरघळलेला ऑक्सिजन पेशींनी संपवून टाकलेला असतो, त्यामुळे तेथे रंगद्रव्याकडे आलेले इलेक्ट्रॉन त्याच्याकडेच राहतात. वरच्या थरात हवेतून ऑक्सिजन झिरपत असतो आणि तो रंगद्रव्याकडून ते लगेच काढून घेतो. अन्नाचे ऑक्सिडीकरण म्हणजे अन्नाला ऑक्सिजन चिकटवणे असे नसून अन्नातून इलेक्ट्रॉन व हायड्रोजन काढून घेणे असते, आणि ते काढून घेण्यासाठी प्रत्यक्ष ऑक्सिजनची गरज नसते, हे या नळीत उघड दिसते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात यावरूनच मोठा वाद झाला होता. रसायनशास्त्रज्ञ वीलांडचे म्हणणे, अन्नातील हायड्रोजन क्रियाशील होणे हीच श्वसनाची मुख्य घटना आहे आणि ऑक्सिजनऐवजी मेथिलिन ब्लूही चालते. जीवरसायनशास्त्रज्ञ वारबुर्गचे म्हणणे, लोहयुक्त विकराने (एन्झाइमने) ऑक्सिजन क्रियाशील केल्याशिवाय श्वसन होतच नाही. दोघेही आपापल्या टोकाबद्दल बरोबर होते, आणि मधला भाग तोवर कोणाच्याच हाती लागला नव्हता.

३० जुलै २०२४

बाटल्या उघडल्या. गहू फुगून मऊ पडला होता, मोड एकालाही नव्हता आणि पाण्याला आंबूस वास येत होता. भाताच्या बाटलीत मात्र बहुतेक दाण्यांतून पांढरी, सरळ, सुईसारखी अंकुरवेष्टने (कोवळ्या अंकुरावरची आवरणे) वर आली होती. त्यांपैकी काही कापसावरच्या रोपांच्या अंकुरवेष्टनांहून लांब होती, पण मूळ एकालाही फुटलेले नव्हते आणि हिरवे पान नव्हते. वास घेताच मद्यार्क ओळखू आला.

ऑक्सिजन नसताना ग्लुकोजचे पायरुव्हेट या मधल्या पदार्थापर्यंत विघटन होऊ शकते आणि त्यात पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचे दोन रेणू मिळतात, परंतु त्या वाटेवर एनएडी या वाहकावर इलेक्ट्रॉन चढतात. पेशीत एनएडीचा साठा अगदी थोडा असतो. सगळे वाहक भरले आणि ते रिकामे करणारे कोणी नसले, तर ग्लुकोज हाताशी असूनही विघटन थांबते. भाताचा अंकुर पायरुव्हेटपासून ॲसिटाल्डिहाइड व त्यापासून इथेनॉल करून हे वाहक रिकामे करतो. आपल्या स्नायूंत पायरुव्हेटवरच हे इलेक्ट्रॉन टाकून लॅक्टेट बनते. तांबड्या रक्तपेशींना तर बाराही महिने हाच मार्ग आहे, कारण त्यांत तंतुकणिका (मायटोकाँड्रिया), म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा मिळवणारे पेशीतील घटक, नसतात. साऱ्या शरीराला ऑक्सिजन पोचवणारी ही पेशी त्यातला कणभरही स्वतःच्या ऊर्जेसाठी वापरत नाही.

गव्हालाही इथेनॉल करता येते, मग तो का हरला? ऑक्सिजनविना भाताचे बी पिष्ट फोडणारे अमायलेज विकर तयार करू शकते, गव्हाचे करू शकत नाही. एका ग्लुकोजमागे दोनच एटीपी मिळत असताना साखरेचा पुरवठा भरपूर असावा लागतो, आणि गव्हाजवळ कोठार भरलेले असूनही कुलूप उघडत नाही.

१ ऑगस्ट २०२४

लावणी झालेल्या एका खाचरात, शेतकऱ्याच्या परवानगीने, रोप उपटून पाहिले. चिखल आत काळसर करडा होता, पण मुळांभोवती गंजासारखा तांबूस लेप होता. खाचरात पाणी साठले की मातीतील सूक्ष्मजीव काही दिवसांतच ऑक्सिजन संपवतात आणि मग इलेक्ट्रॉन सोपवण्यासाठी नायट्रेट, मँगनीज, लोह व सल्फेट असे क्रमाक्रमाने कमी लाभाचे ग्राहक शोधतात. सर्वांत शेवटी मिथेन तयार करणारे जीव येतात. कोकणच्या जांभ्या मातीत लोहाचा तोटा नाही. इलेक्ट्रॉन मिळालेले हे फेरस लोह पाण्यात विरघळते, आणि भाताच्या खोडातील पोकळ ऊतींमधून मुळांपर्यंत उतरलेला ऑक्सिजन बाहेर झिरपला की त्याच लोहाचा गंज होऊन मुळांवर बसतो. मेथिलिन ब्लूच्या नळीतील निळे कडे आणि हा तांबूस लेप यांत रसायनशास्त्राच्या दृष्टीने फारसा फरक नाही.

५ ऑगस्ट २०२४

गटातील एका विद्यार्थिनीने आज विचारले, की इलेक्ट्रॉन कोणालाही देता येत असतील तर ऑक्सिजनच का? याचे उत्तर व्होल्टमध्ये द्यावे लागते. एनएडीएचचे, म्हणजे इलेक्ट्रॉन चढलेल्या एनएडीचे, प्रमाण क्षपण-विभव (इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची ताकद दाखवणारा आकडा) सुमारे उणे ०.३२ व्होल्ट आणि ऑक्सिजन-पाणी जोडीचे अधिक ०.८२ व्होल्ट आहे. इलेक्ट्रॉनांची एक जोडी हे १.१४ व्होल्टचे अंतर उतरते तेव्हा मोलमागे सुमारे २२० किलोज्यूल मुक्त ऊर्जा मिळते. एटीपीच्या एका मोलच्या विघटनाची प्रमाण मुक्त ऊर्जा ३०.५ किलोज्यूल आहे. ग्राहक नायट्रेट असेल तर उतार अधिक ०.४२ व्होल्टपाशीच संपतो आणि सल्फेट असेल तर शून्याच्याही अलीकडे.

आमच्या भागातील मुलांना समजावण्यासाठी कोयनेचे उदाहरण सोपे पडते. घाटमाथ्यावरचे पाणी पोफळी, कोळकेवाडी असे टप्पे उतरून वीज देते आणि त्याचे अवजल वाशिष्ठीला मिळून समुद्राकडे जाते. अवजलाला वाट राहिली नाही, तर वर धरण काठोकाठ भरलेले असूनही जनित्रे थांबतील. पेशीत ऑक्सिजन अवजलाची वाट मोकळी ठेवतो. एनएडीकडून आलेले इलेक्ट्रॉन हातोहात पुढे देणाऱ्या वाहकांच्या साखळीच्या शेवटी तो वापरून झालेले इलेक्ट्रॉन उचलत नसेल, तर आधीचे सर्व वाहक भरून राहतात, एनएडी रिकामे होत नाही आणि पायरुव्हेटच्या पुढील विघटनाच्या ज्या क्रेब्ज चक्रात ऑक्सिजनचा एकही रेणू प्रत्यक्ष भाग घेत नाही, ते चक्रही अडून बसते.

ऑक्सिजनचे आणखी एक वैशिष्ट्य अहवालात द्यायचे ठरले. इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची एवढी क्षमता असूनही तो हवेत निवांत असतो, समोर येईल त्याच्यावर तुटून पडत नाही. त्याच्या रेणूतील दोन अयुग्मित इलेक्ट्रॉनांच्या रचनेमुळे त्याला एकदम इलेक्ट्रॉनांची जोडी घेणे जड जाते. एकेक इलेक्ट्रॉन घेतला तर मध्येच सुपरऑक्साइडसारखे उपद्रवी रेणू तयार होतात. सायटोक्रोम ऑक्सिडेस या शेवटच्या विकरात लोह व तांबे यांच्या मध्ये ऑक्सिजनचा रेणू पकडून धरला जातो आणि चारही इलेक्ट्रॉन पोचून पाण्याचे दोन रेणू होईपर्यंत सोडला जात नाही. सायनाइड याच लोहाला चिकटते. सायनाइडच्या विषबाधेत रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो आणि पेशी तरीही गुदमरते, हे त्याचे कारण.

९ ऑगस्ट २०२४

आजचा दिवस या प्रकल्पातील मला सर्वांत आवडलेला. भौतिकशास्त्र विभागाकडून हाती धरायचा स्पेक्ट्रोस्कोप मागून आणला. बेकरीतून मिळालेले ताजे, वडीचे यीस्ट थोड्या पाण्यात दाट कालवून सपाट बाजूच्या बाटलीत भरले आणि मागे हॅलोजन दिवा लावला. एलईडीचा वर्णपट सलग व समतोल नसतो म्हणून तो टाळला. खोली अंधारी करून पाहिल्यावर हिरव्या भागात ५५० नॅनोमीटरपाशी एक बारीक, रेखीव काळी पट्टी दिसली, तिच्या शेजारी ५६० च्या पुढे तिच्यात मिसळू पाहणारी दुसरी, आणि ६०५ च्या आसपास, पिवळ्या-नारिंगीच्या सीमेवर, तिसरी अंधूक पट्टी. मत्स्यपेटीचा हवापंप लावून बुडबुडे सोडले आणि पट्ट्या पुसल्या गेल्या. पंप बंद केल्यावर काही सेकंदांत त्या जशाच्या तशा परत आल्या. सोडियम डायथायोनाइट या इलेक्ट्रॉन देणाऱ्या रसायनाची चिमूट टाकल्यावर त्या अधिक गडद होऊन स्थिरावल्या.

डेव्हिड कायलिन याने केंब्रिजमध्ये जे पाहिले आणि १९२५ मध्ये प्रसिद्ध केले ते हेच. तो मुळात परजीवी कीटकांचा अभ्यासक. कीटकांच्या उडण्याच्या स्नायूंत आणि मग यीस्टमध्येही त्याला याच पट्ट्या आढळल्या, आणि या रंगद्रव्यांना त्याने सायटोक्रोम हे नाव दिले. त्याआधी चार दशके मॅकमन नावाच्या इंग्लंडमधील एका वैद्यकीय व्यावसायिकाने त्या पाहून ठेवल्या होत्या. परंतु होप्पे-झायलर या मातब्बर रसायनशास्त्रज्ञाने तो केवळ हिमोग्लोबिनचा अवशेष असल्याचे म्हटले आणि विषय मागे पडला. पट्ट्या दिसतात तेव्हा सायटोक्रोमवर इलेक्ट्रॉन चढलेले असतात. हवा येताच ते ऑक्सिजनकडे निघून जातात आणि पट्ट्या मावळतात. वीलांड व वारबुर्ग यांच्या दोन टोकांमधला हरवलेला भाग तो हा. चालू असलेले श्वसन जिवंत पेशीत, काहीही न कापता, उघड्या डोळ्यांनी पाहण्याचा दुसरा इतका स्वस्त मार्ग मला माहीत नाही, आणि तो आपल्या पदवीच्या अभ्यासक्रमात का नसावा हे कळत नाही.

१३ ऑगस्ट २०२४

एटीपीच्या हिशेबावरून आज गटात मतभेद झाले. एका पुस्तकात ग्लुकोजच्या एका रेणूमागे ३८, दुसऱ्यात ३६, तिसऱ्यात ३० ते ३२ असे आकडे आहेत. १९२९ मध्ये जर्मनीत लोहमान यांनी आणि अमेरिकेत हार्वर्डमध्ये फिस्के व आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी एटीपी शोधून काढले, पण इलेक्ट्रॉनांच्या उताराशी त्याची सांगड कशी बसते हे त्यानंतर तीन दशके कळले नव्हते. बनलेल्या प्रत्येक एटीपीमागे एखादा उच्च ऊर्जेचा मधला रासायनिक पदार्थ असला पाहिजे असे धरून त्याचा शोध चालू होता, आणि तो सापडत नव्हता. १९६१ मध्ये पीटर मिचेल यांनी असा पदार्थ नसतोच असे सुचवले : इलेक्ट्रॉनांच्या उतारातील ऊर्जा तंतुकणिकेच्या आतील पटलापलीकडे प्रोटॉन ढकलण्यात खर्ची पडते, आणि परत येणारे प्रोटॉन एटीपी सिंथेस हे विकर फिरवतात. सुरुवातीला त्यांना पाठिंबा थोडा मिळाला. १९७८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. कोयनेच्या उदाहरणाची मर्यादा येथे दिसते, कारण तेथे उतरणारे पाणीच जनित्र फिरवते, तर येथे उतरणारे इलेक्ट्रॉन आणि चाक फिरवणारे प्रोटॉन हे दोन वेगळे प्रवाह आहेत.

प्रोटॉनांनी हिशेब केला की एटीपीचा आकडा पूर्णांकात येण्याचे कारण उरत नाही. एनएडीएचच्या एका इलेक्ट्रॉन-जोडीमागे सस्तन प्राण्यांच्या तंतुकणिकेत १० प्रोटॉन ढकलले जातात आणि एक एटीपी बनवून बाहेर पोचवायला सुमारे ४ लागतात. म्हणून एका जोडीमागे पूर्वी धरलेल्या ३ एटीपींऐवजी २.५, आणि एका ग्लुकोजमागे एकूण ३० ते ३२. आमचे यीस्ट त्यातही निराळे निघते, कारण बेकरीच्या यीस्टमध्ये साखळीचे पहिले, प्रोटॉन ढकलणारे संकुल नसते. तेथे जोडीमागे सहाच प्रोटॉन ढकलले जातात. शिवाय ग्लुकोज भरपूर असले की हे यीस्ट हवा असतानाही मोठ्या प्रमाणावर किण्वनच, म्हणजे ऑक्सिजनविना चालणारे विघटनच, करते. त्यामुळे ‘हवा असेल तर ऑक्सिश्वसन, नसेल तर किण्वन’ हे पाठ केलेले वाक्य आमच्या मेथिलिन ब्लूच्या नळीला जसेच्या तसे लावता येणार नाही, असे अहवालात लिहिण्यास सांगितले.

२१ ऑगस्ट २०२४

मुगाबद्दल एक दुरुस्ती करावी लागली. ०.३ मिलिलिटर ऑक्सिजनवरून, एका रेणूमागे पाच एटीपी धरून, गटाने सुमारे ६० मायक्रोमोल एटीपीचा आकडा लिहिला होता. तो ‘जास्तीत जास्त’ या शब्दांसह ठेवला आहे. वनस्पतींच्या तंतुकणिकांत पर्यायी ऑक्सिडेस नावाचे विकर असते आणि मुगाच्या रोपांच्या तंतुकणिका तर त्याच्या अभ्यासासाठी बराच काळ वापरल्या गेल्या आहेत. हे विकर साखळीच्या मध्यातूनच इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजनला देते व त्याचे पाणी करते. सायनाइडने ते थांबत नाही, आणि त्याच्या वाटेवर प्रोटॉन ढकलले जात नसल्याने ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. पावसाच्या तोंडावर फुलणाऱ्या सुरणाचा फुलोरा भोवतालच्या हवेहून गरम होतो तो याच कुळातील यंत्रणेमुळे. उष्णतेने त्याचा दुर्गंध पसरतो आणि किडे ओढले जातात.

प्राण्यांत हाच परिणाम बाहेरच्या रसायनाने घडवून आणल्याची दुःखद नोंद आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत वजन उतरवण्यासाठी डायनायट्रोफिनॉल दिले जाई. ते पटलातून प्रोटॉनांना आडवाटेने परत येऊ देते, त्यामुळे ऑक्सिजनचा वापर वाढतो, एटीपी घटते आणि शरीर तापते. माणसे त्या तापानेच दगावली आणि १९३८ मध्ये तेथे त्याची विक्री बंद झाली. ऑक्सिजन किती वापरला एवढ्यावरून ऊर्जा किती हाती लागली हे ठरवता येत नाही, ही अट श्वसनमापकाच्या प्रत्येक तक्त्याखाली येईल.

२९ ऑगस्ट २०२४

अहवालाचा मसुदा पाहिला. प्रस्तावनेतील ‘ज्वलन’ हा शब्द लाव्हाझिएच्या परिच्छेदापुरता ठेवून इतरत्र काढला. मुगाचे तक्ते, विंकलरची अनुमापने आणि भात-गव्हाची छायाचित्रे मुख्य भागात राहतील. स्पेक्ट्रोस्कोपच्या निरीक्षणांना मोजमापाची जोड नाही, पट्ट्या दिसल्या व पुसल्या गेल्या एवढेच शब्दांत सांगता येते. म्हणून ते प्रकरण परिशिष्टात टाकावे असे गटाचे मत होते. मी ते मान्य केले नाही. ऑक्सिजन साखळीच्या टोकाला इलेक्ट्रॉन उचलतो या विधानाला आमच्याजवळ असलेला सर्वांत थेट पुरावा तोच आहे, आणि बाकीचे आकडे त्याच्या आधाराने वाचायचे आहेत. ते तिसरे प्रकरण म्हणून जाईल. तोंडी परीक्षेच्या दिवशी ताजे यीस्ट, हॅलोजन दिवा आणि हवापंप टेबलावर मांडून ठेवायचे ठरले आहे. स्पेक्ट्रोस्कोप तोपर्यंत आमच्याकडेच राहू देण्याची विनंती भौतिकशास्त्र विभागाला केली आहे.